रोग, गिरणी आणि उशिरा घेतलेलं सेशन झिरो

परवा आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनचं, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे सरकणाऱ्या गोष्टीचं, पंधरावं सेशन झालं. आठव्यानंतर नववं होईल याचीच खात्री नव्हती, म्हणून आता जरा उसंत मिळाल्यावर सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. एखाद्या खेळाडूचं पात्र हळूहळू नको ते करायला लागलं तर डीएमनं, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्यानं, काय करावं, हे सप्टेंबरात मी रात्र रात्र शोधत होतो. सल्ले ढीगभर सापडले. पण "आम्ही अमुक केलं, ते फसलं, मग तमुक केलं" असं सलग सांगणारं फारसं कुणी भेटलं नाही.

सुरुवात जूनच्या दुसऱ्या शनिवारी झाली. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, २०१४ ची पाचवी आवृत्ती: प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, ते काय करतं ते सांगतो आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. चार खेळाडू आणि मी, एका शनिवाराआड साडेतीन तास. मित्रांची नावं देत नाही, क्लासवरूनच, म्हणजे पात्राच्या पेशावरून, ओळखा: फायटर (लढवय्या), क्लेरिक (देवाच्या शक्तीनं मंत्र टाकणारी), विझर्ड (जादूगार) आणि रोग (rogue, लपतछपत काम करणारा चोर). या शेवटच्या क्लासचं नाव देवनागरीत लिहिलं की भलताच अर्थ निघतो, आणि आठव्या सेशनपर्यंत तोच अर्थ बरोबर होता असं क्लेरिक खेळणारी मैत्रीण अजून म्हणते.

सेशन झिरो, म्हणजे फासे बाजूला ठेवून नुसतं बोलायची पहिली बैठक, मी घेतलीच नाही. सगळे जुने मित्र, त्यात काय बोलायचं, असं वाटलं. पात्रं फोनवरच ठरली. रोगच्या कॅरेक्टर शीटवर नाव होतं 'काजळ्या' आणि अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाच्या, रकान्यात 'केऑटिक न्यूट्रल' (नियम न मानणारा, ना चांगला ना वाईट). मी वाचलं आणि पुढे गेलो. हे दोन शब्द शीटवर दिसले तर मिनिटभर थांबा आणि लिहिणाऱ्याला त्यातून काय म्हणायचंय ते त्याच्याच तोंडून ऐका. कुणाला 'मी मनाचा राजा' एवढंच म्हणायचं असतं. कुणाला 'मला कुणी जाब विचारायचा नाही' असं म्हणायचं असतं.

तिसऱ्या सेशनला, जुलैत, एक गॉब्लिन जिवंत हाती लागला. क्लेरिक त्याला म्हणाली, पुलापलीकडे किती जण आहेत ते सांग, तुला सोडते, माझा शब्द. पर्सुएशनचा, म्हणजे मन वळवण्याचा, फासा चांगला पडला आणि गॉब्लिन भडाभडा सगळं बोलला. ती दोरी सोडायला वाकली, तेवढ्यात रोग म्हणाला, "मी मागून जातो आणि गळा चिरतो." टेबलावर हशा पिकला. फायटरनं तर टाळी दिली. मीही हसलो आणि नेहमीप्रमाणे गॉब्लिनचे ५० एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, वहीत मांडले. क्लेरिक हसली नव्हती, हे मला फार उशिरा आठवलं.

पाचव्या सेशनला माझा फोन वाजला. समोर बसलेल्या रोगचाच मेसेज: विझर्ड झोपलाय तेवढ्यात त्याच्या थैलीतला मोती काढतो, गुपचूप फासा टाकू का? मला गंमत वाटली. डीएम स्क्रीनच्या, म्हणजे माझ्यासमोरच्या आडोशाच्या, मागे आकडा बघून मी नुसती मान हलवली. पुढच्या वेळी विझर्डला एक अनोळखी अंगठी ओळखायची होती. आयडेंटिफाय मंत्राला किमान १०० सोन्याच्या नाण्यांचा मोती हातात असावा लागतो. तो थैली उचकत बसला, शीट तपासत बसला, आपणच लिहायला विसरलो असू म्हणून माझी माफीसुद्धा मागितली त्यानं. आणि मी गप्प. या सगळ्या प्रकरणात माझी मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या अर्ध्या मिनिटाची.

त्याच सेशनला क्लेरिकनं काजळ्याला तपासायला 'डिटेक्ट इव्हिल अँड गुड' टाकला. मी मंत्राचा मजकूर उघडून वाचला. पाचव्या आवृत्तीत हा मंत्र तीस फुटांच्या आतले सेलेस्टियल (देवदूतासारखे), फीन्ड (सैतानी), अनडेड (मेलेले पण चालते) वगैरे प्राणी आहेत का ते सांगतो, माणसाच्या मनातलं पाप दाखवत नाही. "काही दिसत नाही," मी म्हणालो. रोगनं विजयी मुद्रेनं दोन्ही हात वर केले. ती मंत्राच्या आडून मला काहीतरी सांगू पाहत होती आणि मी तिला नियम वाचून दाखवत होतो.

सातव्या सेशनपर्यंत मलाही ते खुपायला लागलं होतं. मग मी बहुतेक डीएम करतात तेच केलं: गोष्टीतूनच अद्दल घडवायची. बाजारात एका व्यापाऱ्याला भोसकल्याबद्दल काजळ्याला धरायला सहा पहारेकरी पाठवले. आता हिशेब बघा. पुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे कोसळेपर्यंत सोसता येणारं नुकसान, ११. आमची मंडळी नुकतीच पाचव्या लेव्हलला पोचलेली, म्हणजे विझर्डकडे फायरबॉल, आगीच्या गोळ्याचा मंत्र. नुकसान सहा बाजूंच्या आठ फाशांचं, सरासरी २८. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमला तरी निम्मं, म्हणजे १४. पहिल्याच फेरीत सहाही पहारेकरी कोळसा. मी पाठवली होती शिक्षा, त्यांच्या हातात पडली लढाई, वर प्रत्येकी २५ एक्सपी. शिवाय विझर्ड, ज्यानं आजवर मुंगी मारली नव्हती, तोही आता फरार. शहरात बेतलेली माझी पुढची चार सेशनं त्या संध्याकाळी बाद झाली. कारस्थानी सरदार, त्याचा दरबार, तीन नकाशे, सगळं फाइलमध्ये पडून आहे. कुणाला हवं असेल तर सांगा.

आठवं सेशन सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातलं. फरार टोळी एका पवनचक्कीच्या गिरणीत लपली. गिरणीवाल्याला क्लेरिकनं शब्द दिला की तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. रात्री रोग म्हणाला, "हा सकाळी आपल्याला पकडून देणार. मी बाहेरून कडी घालतो आणि कंदील फेकतो." मी विचारलं, नक्की? माळ्यावर त्याचा मुलगा झोपलाय. "माहितीये. काजळ्या असंच वागेल. मी काय करू?"

मी फासा टाकायला सांगितला. तो यशस्वी झाला. मी आगीचं वर्णन सुरू केलं आणि चांगलं केलं, हे कबूल करतो. पीठ हवेत उडालेलं, त्यानं भडकलेली ज्वाळा, वरून येणारी हाक. क्लेरिक खेळणारी उठून बाल्कनीत गेली. आम्हाला वाटलं फोन आला असेल. वीस मिनिटांनी परत आली, फासे डबीत भरले आणि "मला निघायला हवं" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: पुढच्या वेळी माझी वाट बघू नका, बहुधा मी थांबतेय.

पुढचे पाच आठवडे खेळ बंद राहिला.

पहिल्या आठवड्यात मी वाचन केलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. १९७४ मध्ये हा खेळ आला तेव्हा अलाइनमेंट तीनच होत्या, लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस. त्यातून माणूस चांगला की वाईट यापेक्षा तो कुणाच्या बाजूचा हे कळायचं. त्यात चांगलं-वाईट जोडून झालेला नऊ खान्यांचा तक्ता त्याच दशकाच्या शेवटी आला. पुढे बरीच वर्षं पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, लॉफुल गुड (नियम पाळणारा आणि चांगला) नसेल तर त्याच्या शक्ती जायच्या. २०१४ च्या नियमांत ती अटही नाही. म्हणजे मी ज्या रकान्याकडे बोट दाखवून रोगशी वाद घालणार होतो, त्यात आता काहीच जोर उरलेला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी एक दस्तऐवज लिहिला. अडीच पानं, एकोणीस कलमं, पोटकलमांसकट. 'पक्षातील सदस्याच्या मालमत्तेस हात लावू नये' अशी भाषा. ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत दोन अंगठे आले. तिसऱ्या दिवशी रोगचा प्रश्न: "हे आरोपपत्र आहे का?" अर्थात होतंच. एकोणीसपैकी चौदा कलमं त्यानं केलेल्या एकेका गोष्टीवरून बेतलेली होती. कुणीही मूर्ख नसतं, लोकांना कळतं. मी दस्तऐवज मागे घेतला आणि एकेकाला फोन लावले. हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

रोगशी बोलणं चाळीस मिनिटं चाललं. मी तयारी करून बसलो होतो, त्यानं तिसऱ्याच वाक्यात ती मोडली. "अरे, पण तू हसलास ना. गॉब्लिनच्या वेळी सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास. मोती चोरताना तूच फासा टाकू दिलास. मला वाटलं तुला आवडतंय." मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं सांगू? बोलाचालीच्या प्रसंगात माझ्या पात्राला कामच नसतं. ती बोलते, विझर्ड वाचतो, मी काय करू? काहीतरी केलं की निदान सगळे माझ्याकडे बघतात." मी वहीत एवढंच लिहिलं: तू हसलास.

क्लेरिकला फोन करताना माझी समजूत अशी की तिला गोष्टीतली क्रूरता सोसत नाही. तर ती म्हणाली, "मागच्या ग्रुपमध्ये मी नेक्रोमॅन्सर होते. प्रेतं उठवायचे. वाईटपणाचं मला काही नाही. मी एवढी बोलून, फासा टाकून, कुणालातरी शब्द देते आणि दर वेळी तो शब्द त्याच्या खंजिरावर जाऊन संपतो. तीन वेळा झालं. मग मी कशाला बोलू?" आणि मग हळूच: "माळ्यावरच्या मुलाचं मात्र खरंच नको होतं. ते वेगळं आहे, त्याचं कारण विचारू नकोस." मी विचारलं नाही.

ही दोन दुखणी निराळी होती आणि मी ती चार महिने एकच समजत होतो. मुलाचं प्रकरण म्हणजे काही गोष्टी या टेबलावर नकोतच, पात्र साधू असो की संधीसाधू. शब्दाचं प्रकरण निराळं. तिथे काजळ्या खुशाल दुष्ट असू दे, पण त्याचा दुष्टपणा दर वेळी दुसऱ्या खेळाडूच्या डावावर बोळा फिरवत होता. पहिल्यासाठी हद्द आखावी लागते, दुसऱ्यासाठी विचारायची सवय लावावी लागते. पहारेकरी पाठवून दोन्ही होत नाही.

विझर्ड म्हणाला, "मोती परत मिळेल का?" म्हणजे त्याला केव्हाच कळलं होतं. फायटरशी बोलणं सात मिनिटांत आटोपलं: "खेळ आहे रे, एवढं काय त्यात."

ऑक्टोबरच्या शेवटी सेशन झिरो झालं, आठव्यानंतरचं. क्लेरिक आली, पण फासे आणले नव्हते. फासे न टाकता एक तास पन्नास मिनिटं. सुरुवात तक्रारींनी करायची नाही असं मी ठरवलं होतं. प्रत्येकानं आधी सांगायचं की पुढे आपल्याला काय बघायचंय. रोग म्हणाला, चोरी, खरीखुरी, आखणी करून केलेली, जिथे मी नसेन तर सगळे अडकतील. एवढं साधं. मी जूनमध्ये विचारलं असतं तर जूनमध्येच सांगितलं असतं त्यानं.

मग हद्दी. गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स यांची लाइन्स आणि व्हेल्सची पद्धत वापरली. लाइन म्हणजे गोष्टीत येणारच नाही. व्हेल म्हणजे घडेल, पण पडद्याआड, वर्णन नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, वाचणार मी, कुणाची कुठली ते सांगणार नाही. चिठ्ठ्या हवेतच, नाहीतर तोंडी विचारलं की सगळे 'मला काही प्रॉब्लेम नाही' म्हणतात. मुलांना इजा आणि लैंगिक अत्याचार या लाइन झाल्या, छळ करून माहिती काढणं व्हेलमध्ये गेलं. टेबलाच्या मध्ये जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांचं एक्स कार्ड ठेवलं, म्हणजे कोऱ्या कार्डावर मोठी फुली. कुणीही हात लावला की चालू असलेलं वर्णन तिथेच बदलायचं, कारण विचारायचं नाही. फायटर म्हणाला, याचा कुणीतरी फायदा घेणार. मी म्हटलं, घेऊ दे, बघू.

शब्दाचं कलम क्लेरिकनंच सुचवलं आणि ते माझ्या एकोणीस कलमांपेक्षा सरस निघालं: एका पात्रानं दिलेला शब्द दुसऱ्याला मोडायचा असेल तर आधी खेळाडू म्हणून विचारायचं. ती हो म्हणाली तर खुशाल मोड, मग तोही खेळच. टोळीतल्या टोळीत चोरी किंवा मारामारी असेल तर ज्याच्यावर वेळ आलीय तो ठरवेल फासा टाकायचा की नाही. डीएमला गुप्त मेसेज बंद.

एक दुरुस्ती माझ्या बाजूची होती. वही चाळताना दिसलं, कैद्याला मारलं की ५० एक्सपी, सोडलं की शून्य. नियमात 'हरवलं' म्हणजे ठार मारलंच असं नाही, पण मी ते तसं मांडत आलो होतो. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत लुटून आणलेल्या सोन्यावरही एक्सपी मिळायचे, म्हणून तिथे लढाई टाळणारा शहाणा ठरायचा. माझ्या वहीत गळा चिरणारा शहाणा ठरत होता. एक्सपी बंद केले. आता गोष्टीतला टप्पा पार पडला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढते.

गिरणीचं काय करायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मला वाटत होतं घडलं ते घडलं. मत घेतलं, चार विरुद्ध एक, तो एक मी. ठरलं ते असं: गिरणी जळाली, पण मुलगा मागच्या शिडीनं केव्हाच उतरला होता. आता वाटतं, मी उगाच ताणत होतो.

शेवटी अलाइनमेंटचा रकाना खोडून त्या जागी प्रत्येकानं एक ओळ लिहायची होती: माझं पात्र या टोळीत अजून का आहे? रोग पेन चावत बसला. मग लिहिलं: 'दुसऱ्या सेशनला विझर्डनं नदीतून ओढून काढलं, ते देणं बाकी आहे.' लिहून झाल्यावर स्वतःच म्हणाला, "म्हणजे मोती परत द्यावा लागणार." विझर्ड म्हणाला, "व्याजासकट."

नववं सेशन नोव्हेंबरात झालं आणि ते अवघडलेलं होतं. सगळे एकमेकांना इतकं विचारत होते की तीन तासांत एक दार उघडलं. दोन सेशनं असं होतं, घाबरू नका. दहाव्याला फायटर एका शिकारी कुत्र्याला कसं मारतो ते रंगवून सांगत होता आणि एक्स कार्डावर हात पडला. रोगचा. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी पटकन म्हणालो, "कुत्रा कुंपणावरून पळाला. पुढे, तुझ्या समोर त्याचा मालक." चार सेकंद लागले असतील. नंतरही कुणी विषय काढला नाही, कार्डाचा उपयोग होतो तो त्यामुळेच. फायटरनं मात्र त्या रात्री ग्रुप सोडला. आता मजा राहिली नाही, सगळं मिळमिळीत झालंय, असं लिहून. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्याला हवा होता तसा खेळ खेळणारे ग्रुप असतात, आमचा तो नव्हता. आता तिघंच आहेत, प्रत्येक लढाईतला एकेक शत्रू मी कमी करतो.

आणि काजळ्या? तो सुधारला वगैरे काही नाही. बाराव्या सेशनला टोळी त्याच भागातून जात होती. या वेळी पहारेकरी नाहीत, बक्षीस लावलेली भिंतपत्रकं नाहीत. गिरणी नाही म्हणून गावात घरोघर बायका जात्यावर दळतायत, रात्रभर घरघर चालू आहे आणि कुणी दार उघडत नाही, एवढंच मी सांगितलं. रोग बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गिरणी परत उभी करायला काय लागेल?" लाकूड लागेल, म्हटलं, बरंच. आखणी करून केलेली चोरी त्याला हवीच होती. पूर्ण सेशन त्यात गेलं: क्लेरिक बोलून रखवालदाराला गुंतवतेय, विझर्ड धुकं पाडतोय आणि काजळ्या शेजारच्या गावच्या वखारीतून तुळया पळवतोय. शेजारचं गाव आता पेटलंय. माझी पुढची तीन सेशनं तयार.

परवा, पंधराव्याला, पुन्हा एक कैदी हाती लागला. तरुण दरोडेखोर, एकटाच. क्लेरिकनं त्याला सोडायचा शब्द दिला. मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. रोग तिच्याकडे वळला, काजळ्याच्या नाही, स्वतःच्या आवाजात.

"शब्द तुझा आहे. मोडू का?"

"नको."

"बरं. आणि बूट?"

तिनं विचार केला. चांगला दहा सेकंद केला. "बुटांबद्दल मी काही बोलले नव्हते."

दरोडेखोर काट्याकुट्यातून अनवाणी गेला. बूट काजळ्याला दोन बोटं मोठे होतात, चालताना आवाज येतो, म्हणून स्टेल्थचा, म्हणजे लपतछपत जायचा, फासा तो डिसॲडव्हान्टेजवर टाकतो, दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. ते मी सुचवलेलं नाही, त्यानंच शीटवर लिहून घेतलंय.